कडवं मोठं झालं की कोरस लहान होतो

प्रश्न: मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हा पाच जणांचा बँड आहे. मी गाते, दोघं गिटार वाजवतात, एक जण बेस, आणि एकाकडे ऑक्टोपॅड आहे. ड्रम किट कुणाकडेच नाही. गॅदरिंगला आम्हाला २० मिनिटं मिळालीत. आवडती गाणी ठरलेली आहेत: निर्वाणाचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट', रेडिओहेडचं 'क्रीप', क्रॅनबेरीजचं 'झॉम्बी', पिक्सीजचं 'व्हेअर इज माय माइंड?' आणि फू फायटर्सचं 'एव्हरलाँग'. घरी एकेकट्याने वाजवलं की ठीक वाटतं, एकत्र वाजवलं की नुसता कालवा होतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं तर कोरस (धृपद) कधी आला तेही कळत नाही. साऊंडवाले काका म्हणतात, गिटार थेट मिक्सरला लावा. लावून बघितली तर खरखर. मिरजेचे माझे मामा तबला वाजवतात, ते ऐकून म्हणाले, 'यात सूर कुठाय?' आणि वर्गातले म्हणतात, हे सोडा, हिंदी घ्या. आम्ही काय करावं?
– अ., विश्रामबाग, सांगली

प्रिय अ.,

हिंदी घ्यायची काही गरज नाही. पाचातलं एक गाणं मात्र सोडावं लागेल, ते कुठलं आणि का ते पुढे येईलच. तुझ्या पत्रातली कामाची ओळ एकच आहे: कोरस कधी आला ते कळत नाही. तुमचं दुखणं तिथंच आहे, आणि त्याचा इलाज आवाज वाढवण्यात नाही, कमी करण्यात आहे.

तुम्ही निवडलेली बहुतेक गाणी एकाच घराण्यातली आहेत. कडवं दबकं, जवळजवळ रिकामं, आणि कोरस धाडकन अंगावर. पिक्सीजनी १९८८ च्या 'सर्फर रोझा' या अल्बममध्ये ही रीत पक्की केली. 'टीन स्पिरिट' करताना आपण पिक्सीजचीच नक्कल करू पाहत होतो, हे निर्वाणाच्या कर्ट कोबेनने १९९४ च्या एका मुलाखतीत सरळ कबूल केलंय. म्हणजे या गाण्यांचा सगळा जोर दोन भागांमधल्या अंतरात आहे. तुमच्या दोन्ही गिटार पहिल्या ठोक्यापासून डिस्टॉर्शन लावून वाजत असणार, हे पत्रावरूनच दिसतंय. मग कोरसला वर जायला जागाच उरत नाही.

याचं कारण डिस्टॉर्शनच्या पेडलच्या आत आहे. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नलची टोकं छाटणं. गेनचं बटण अर्ध्याच्या पुढे नेलं की छाटणी वाढते, पण आवाजाची पातळी फारशी वाढत नाही. तार हळू छेडली काय आणि जोरात ओढली काय, बाहेर जवळजवळ तेवढंच येतं. घरी एकट्याने वाजवताना हे मस्त जाड वाटतं. पाच जणांत तीच जाडी सगळ्यांच्या अंगावर बसते. तेव्हा दोन्ही गिटारचा गेन घड्याळाच्या काट्याने दहावर आणा. फार तर अकरा. सुरुवातीला 'हे फार पातळ वाटतंय' अशी तक्रार होईल. ती करू द्या. बेस आणि ऑक्टोपॅड आत आले की पातळपणा जातो.

आता वाजवण्याआधीचं एक काम. पाचही जणांनी वेगवेगळं बसून प्रत्येक गाणं हेडफोनवर ऐका आणि ज्या जागेची तुम्ही वाट बघता तिची मिनिटं-सेकंदं कागदावर लिहा. 'मला हे गाणं आवडतं' एवढं पुरेसं नाही. आवडीचं गाणं म्हणजे बहुतेक वेळा त्यातली एखादी जागाच असते. मग पाच कागद शेजारी ठेवा. जिथे तीन-चार जणांचे आकडे जुळतील ती जागा वाचवायची, आणि तिच्या आधीच्या आठ मात्रांत कोण काय वाजवणार नाही ते ठरवायचं. गाणं बसवायला एवढ्यापासून सुरुवात करा. कॉर्ड पाठ आहेतच.

'क्रीप' घे. १९९२ चं गाणं, टेम्पो (मिनिटाला ठोके) सुमारे ९२. अख्ख्या गाण्यात चार कॉर्ड, त्याच क्रमाने, शेवटपर्यंत: जी, बी, सी, सी मायनर, प्रत्येकी दोन बार (आठ ठोके). कडव्याला आणि कोरसला कॉर्ड तेच आहेत, त्यामुळे बदल दाखवायला आवाजाच्या चढउताराशिवाय तुमच्या हातात काहीच नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या कागदावर साधारण एका मिनिटाजवळचा आकडा येईल, कारण तिथे रेडिओहेडचा गिटारवाला जॉनी ग्रीनवुड मुक्या तारांवर ते खणखणीत फटके मारतो. त्याला गाणं फारच मवाळ वाटत होतं आणि तो ते बिघडवायला बघत होता, असं त्याच्याच बँडमधल्यांनी सांगितलंय. हे फटके तुमच्याकडे बसत नसतील तर तीन गोष्टी तपासा. डावा हात तारांवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही, नाहीतर अर्धवट स्वर निघतात. मल्टी-इफेक्ट (अनेक इफेक्ट एकाच पेटीत असलेलं पेडल) असेल तर त्यातला नॉइज गेट (हळू आवाज बंद करणारी सोय) सैल करा, कारण फटक्याची सुरुवातच तो गिळून टाकतो. आणि डिस्टॉर्शनच्या पॅचची (साठवलेल्या सेटिंगची) लेव्हल क्लीन पॅचपेक्षा चारसहा डेसिबलने वर ठेवा. दोन्ही पॅच सारख्या आवाजावर असले की फटका म्हणजे शेजारच्या खोलीत काहीतरी पडल्यासारखा येतो. कडव्यात हा गिटारवाला गप्पच बसणार आहे. त्याला हे आधी समजावून सांग, नाहीतर तो हळूच काहीतरी वाजवत राहील. गिटारवाल्यांची ही खोड जुनी आहे.

'क्रीप'मध्ये आणखी एक चूक हमखास होते. दुसरा कॉर्ड बी मेजर आहे, बी मायनर नाही. जी स्केलमध्ये सवयीने बोटं मायनरवर जातात, आणि कानाला 'काहीतरी वेगळं आहे' एवढंच जाणवतं. इथे मामांना बोलाव. जी हा सा धरायला सांग आणि प्रत्येक कॉर्डमधला एकेक स्वर सलग गाऊन दाखव: पहिल्या कॉर्डमध्ये प, दुसऱ्यात कोमल ध, तिसऱ्यात शुद्ध ध, चौथ्यात परत कोमल ध, आणि पुन्हा प. एकेका पायरीने चढून, एकेका पायरीने उतरणारी ही ओळ गाण्याच्या पोटात सतत चाललेली असते. बी मायनर वाजवला की त्यातला पहिला कोमल ध जातो आणि चढण मोडते. 'व्हेअर इज माय माइंड?'चे कॉर्ड बघ: ई, सी शार्प मायनर, जी शार्प, ए. इथेही तिसरा कॉर्ड मेजर आहे, आणि ई ला सा धरलं तर त्यातला परका स्वर पुन्हा कोमल धच निघतो. दोन वेगळ्या देशांतले बँड, पण काळजात कळ उठते ती एकाच स्वराने. चौथ्या फ्रेटवर (पडद्यावर) तर्जनी आडवी धरून जी शार्प मेजर वाजवताना मधलं बोट ढिलं पडलं, तर नेमका तोच स्वर मुका होतो. तिसरी तार एकटी छेडून ती वाजते का बघा.

मामांच्या मुद्द्याला तरीही अर्थ आहे. तुमच्या गिटारवाल्यांनी डिस्टॉर्शन लावून पूर्ण सहा तारांचे कॉर्ड वाजवले असतील तर त्यात खरंच सूर उरत नाही. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर मिसळले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर जन्माला येतात. सा आणि प यांचं नातं गिटारवर जवळजवळ शुद्ध असतं, फरक जेमतेम २ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). त्यामुळे हे नवे स्वरही त्यांच्यात मिसळून जातात. गंधाराचं तसं नाही. फ्रेटवरचा ग शुद्ध ग पेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, आणि डिस्टॉर्शन त्या फरकाचं करकरणं करून ठेवतं. म्हणून या संगीतात गंधार काढून टाकतात आणि फक्त सा-प ठेवतात. त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन एखादा जुळवलेला तंबोरा ऐक: प आणि सा, बाकी काही नाही, आणि घोडीवरच्या जवारीने त्यातून वरचे स्वर फुटतात. डिस्टॉर्शनचं कामही तेच, फक्त उद्धटपणे. नियम असा की गेन चालू असेल तेव्हा दोन किंवा तीन तारा, गेन बंद असेल तेव्हा हवा तेवढा कॉर्ड. 'क्रीप'च्या कोरसला एक गिटार पॉवर कॉर्डवर ठेवा आणि दुसरी जवळजवळ क्लीन ठेवून पूर्ण कॉर्ड वाजवू दे, म्हणजे ती कोमल धची ओळही वाचते.

'टीन स्पिरिट' १९९१ चं, टेम्पो सुमारे ११७. रिफ (पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा) चार पॉवर कॉर्डची: सहाव्या तारेवर पहिला फ्रेट, पाचव्यावर पहिला, सहाव्यावर चौथा, पाचव्यावर चौथा. मधल्या मुक्या खरडण्या सोडू नका, रिफचा अर्धा ठेका त्यांतच आहे. पण हे गाणं बसतं की फसतं ते कडव्यावर ठरतं. कडव्यात गिटार फक्त दोन स्वर वाजवते: दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट आणि पहिल्या तारेचा पहिला फ्रेट. त्यावर कोरस नावाचा इफेक्ट (गाण्याचा कोरस वेगळा) लावलेला असतो, त्याने स्वर पाण्याखालून आल्यासारखा हलतो. दोन स्वर वाजवायचे आणि सोडून द्यायचे. बाकी जागा बेसची. कॉर्ड बदलतायत हे ऐकणाऱ्याला फक्त बेसवरून कळतं, म्हणून बेसवाल्याने इथे दबून वाजवायचं नाही. कडव्यानंतर तेच दोन स्वर दाट होत जातात आणि मग सगळं तुटून पडतं. एक गिटार कडवं सांभाळेल, दुसरी फक्त रिफ आणि कोरसला येईल. सोलो बघून घाबरू नका. तो कडव्याची चालच आहे, तू जे गातेस तेच गिटारने म्हणायचं. वेग दाखवायला गेलात की हसं होतं.

'झॉम्बी'मध्ये चार कॉर्डचं चक्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरतं: ई मायनर, सी, जी आणि डी. शेवटच्या डीखाली बेसवाल्याने डी न घेता एफ शार्प वाजवायचा, तेवढ्याने चक्र परत ई मायनरकडे ओढलं जातं. टेम्पो ८४ च्या आसपास, आणि इथेच सगळे पळतात. स्टेजवर हे गाणं ९५ वर गेलं की त्याचा मोर्चा होतो. हे बाईच्या आवाजाचंच गाणं असल्यामुळे मूळ पट्टीत आधी प्रयत्न कर. कोरसमध्ये मूळ गायिका डोलोरेस ओ'रिऑर्डनचा आवाज छातीतून डोक्यात जाताना मुद्दाम तडकतो. तो तडा ओरडून येत नाही, उलट तिथे दाब कमी करावा लागतो. रोज पाच मिनिटं अगदी हळू आवाजात तेवढीच उडी मार. घसा दुखला तर पद्धत चुकतेय, थांब. माइक कडव्यात ओठांपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, कोरसला दहा-पंधरावर. जाळी मुठीत धरू नकोस, त्याने आवाज कोंदतो आणि शिट्टी सुटते.

आणि एक सांगतो. या गाण्याला चेहरे पांढरे करून, भुतासारखे हात पसरून नाचण्याची टूम गॅदरिंगमध्ये निघते. ते गाणं मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन गावी झालेल्या बाँबस्फोटात मेलेल्या दोन मुलांवर आहे. एक तीन वर्षांचा होता, दुसरा बारा. कुणी मेकअपचं सुचवलं तर एवढं सांगितलं की पुरे.

आता सोडायचं गाणं: 'एव्हरलाँग'. चांगलं नाही म्हणून नव्हे, माझ्या मते पाचांत तेच सर्वांत सुंदर आहे. पण त्याचा टेम्पो सुमारे १५८ आहे आणि हाय-हॅट (दोन झांजांची जोडी) ठोक्याला चार फटके अशी चालते, म्हणजे सेकंदाला दहापेक्षा जास्त, साडेतीन-चार मिनिटं न थांबता. खऱ्या झांजेवर प्रत्येक फटका थोडा वेगळा वाजतो म्हणून ते जिवंत राहतं. ऑक्टोपॅडवर तोच सॅम्पल दहा वेळा सारखा वाजला की शिवणयंत्र सुरू झाल्यासारखं होतं. शिवाय ते ड्रॉप डी मध्ये आहे, सहावी तार ई वरून डी वर उतरवावी लागते. स्टेजवर उतरवणं, तपासणं, नंतर परत चढवणं यात दीडेक मिनिट शांततेत जातं आणि प्रेक्षक बोलायला लागतात. तसंही चार गाण्यांची बेरीज अठरा मिनिटांवर जातेय: टीन स्पिरिट आणि झॉम्बी प्रत्येकी पाच, क्रीप आणि पिक्सीज प्रत्येकी चार. दोन मिनिटं चढ-उतार आणि टाळ्यांना लागतीलच.

एक राखीव गाणं मात्र तयार ठेवा. द व्हाइट स्ट्राइप्सचं 'सेव्हन नेशन आर्मी', २००३ चं, टेम्पो १२४. मूळ बँडमध्ये बेस वाजवणारा नव्हताच. तो जाड आवाज म्हणजे एक सप्तक खाली उतरवलेली गिटार. तुमच्याकडे बेस आहे, तेव्हा त्याच्यावरच रिफ ठेवा. बोटं पाठ करायला गिटारच्या पाचव्या तारेवर सातवा फ्रेट दोनदा, मग दहावा, सातवा, पाचवा, तिसरा, दुसरा. एखाद्याची तार तुटली तर नवी घालेपर्यंत बेस, ऑक्टोपॅड आणि तू एवढ्यावर हे गाणं उभं राहतं. वर्गातल्या 'हिंदी घ्या'वाल्यांनाही रिफ गुणगुणता येईल.

क्रम असा ठेव: पिक्सीज, क्रीप, झॉम्बी, टीन स्पिरिट. पिक्सीज पहिलं घ्यायचं कारण व्यवहारातलं आहे. ते आवाज आणि एका गिटारने सुरू होतं, बाकीची वाद्यं मागून येतात, त्यामुळे मिक्सरवर बसलेल्या माणसाला एकेक चॅनेल लावून घ्यायला वेळ मिळतो. गॅदरिंगला साऊंडचेक मिळेल असं धरूनच चालू नका. मागचं 'ऊ-ऊ' तू गाऊ नकोस, दुसऱ्या कुणालातरी दे, तेही माइकपासून हातभर लांब उभं करून. मूळ गाण्यात पिक्सीजच्या किम डीलचा आवाज दुरून आल्यासारखाच आहे.

आता साऊंडवाले काका. त्यांचं 'थेट लावा' हे कीबोर्डच्या बाबतीत बरोबर आहे, गिटारच्या बाबतीत नाही. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही, आणि डिस्टॉर्शनचा सगळा कचरा त्याच्या वर असतो. अँप आपोआप चाळणी लावतो. मिक्सरमधून पीएच्या (प्रेक्षकांसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरांच्या) टॉपला गेलं की चाळणी गेली, राहिली खरखर. मिक्सरवरचं 'हाय' बटण खाली करून हे जात नाही, कारण छोट्या मिक्सरवर ते बटण बहुधा १२ किलोहर्ट्झच्या आसपास काम करतं. दोन उपाय आहेत. मल्टी-इफेक्ट असेल तर त्यात कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) चालू करा, बरेचदा ते मेनूत बंद करून ठेवलेलं असतं. साधं पेडल असेल तर छोटा प्रॅक्टिस अँप न्या, खुर्चीवर ठेवा, आणि त्याच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर गायचा साधा डायनॅमिक माइक लावा. स्पीकरच्या बरोबर मध्यावर लावला तर आवाज टोचतो, तिथून कडेकडे दोन बोटं सरकवा. बेस मात्र छोट्या गिटार अँपमधून वाजवू नका, कोन फाटतो. त्याला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळेल असा करणारी छोटी पेटी) लागेल. काकांकडे नसेल तर आधीच भाड्याने सांगून ठेवा. गिटारची साधी केबल ६ मीटरच्या पुढे नेली की वरचे स्वर मरतात आणि घूं सुरू होते, म्हणून लांब अंतर डीआयनंतरच्या माइक केबलने कापायचं.

काकांना सांगायच्या गोष्टी तीनच, आणि आदल्या दिवशी चहा पाजून सांगायच्या, कार्यक्रमात नाही. पहिली, गाण्याच्या माइकवरचा एको बंद, रिव्हर्ब थोडा. ऑर्केस्ट्रा आणि लग्नाच्या सवयीने तो लांब एको ठेवलेला असतो आणि 'टीन स्पिरिट'च्या वेगात तुझा प्रत्येक शब्द पुढच्या शब्दावर पडतो. दुसरी, दोन्ही गिटारच्या चॅनेलवर लो-कट (फार खालचे स्वर कापणारं बटण) दाबा. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झला आहे, बेसची ४१ ला. ८२ च्या खालचं गिटारमधून येतं ते फक्त धपधप, आणि बेसचे मोठे बॉक्स ते मन लावून वाजवतात. तिसरी, आधी गाण्याच्या माइकचा आवाज लावा आणि बाकी सगळं त्याच्याखाली. गिटारवाल्यांनी स्वतःच्या इक्यूवर (बास-मिड-ट्रेबलची बटणं) मिड, म्हणजे मधले स्वर, वाढवावेत. घरी मिड कमी केलेला, बास-ट्रेबल चढवलेला आवाज भारी वाटतो, पण खालचं बेस खातो, वरचं झांजा खातात आणि गिटार गायब होते.

एका बाबतीत कुणाचंही ऐकू नका. घूं घालवायला थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढायची नाही. मांडवात, जनरेटरवर तर नाहीच. तुझ्या ओठाला माइकवर झिणझिण्या आल्या किंवा गिटारवाल्याला तारांवर चुणचुण जाणवली, तर तिथेच थांबून इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला लावायचं, गाणं राहिलं तरी चालेल. घूंसाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते त्याच कामाचं आहे. आणि सगळ्या अँपची, पेडलची पॉवर एकाच बोर्डवरून घ्या.

ऑक्टोपॅडवाल्या मित्राला तू पत्रात एका शब्दात उडवलंस, पण तुमचा कोरस निम्मा त्याच्या हातात आहे. ऑर्केस्ट्राचे पॅच बाजूला ठेवून साधा रॉक किंवा अकूस्टिक किट निवडायचा, पॅडमधला रिव्हर्ब शून्य. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि हाय-हॅट पायाला असतील तर उत्तम. किकचं पेडल नसेल तर निदान एवढं करायचं: आठही पॅड भरायचे नाहीत. किक, स्नेअर, बंद हॅट, उघडी हॅट, एक क्रॅश (मोठी झांज), एवढंच. कडव्यात बंद हॅट आणि स्नेअर हळू, कोरसला उघडी हॅट, आणि क्रॅश फक्त कोरसच्या पहिल्या ठोक्याला. सगळीकडे क्रॅश मारली की कोरसच्या दाराची कडीच निघते. पॅडवर हळू-जोरातला फरक खऱ्या ड्रमपेक्षा कमी दिसतो, म्हणून व्हेलॉसिटीची (फटक्याच्या जोराची) सेटिंग बघून फरक वाढवून घ्या, आणि त्याला स्वतःला ऐकू येईल असा एक मॉनिटर (त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर) द्या, नाहीतर तो घाबरून जोरात मारत राहतो.

प्रॅक्टिसचं म्हणशील तर पहिला आठवडा फक्त कडवी वाजवा, कोरस नाहीच. माइक बंद ठेवून तू नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात शब्द म्हण, आणि कुणालातरी तीन मीटरवर उभं कर. त्याला शब्द कळत नसतील तर कुणीतरी अजून कमी व्हायला हवं. कोण ते त्यानेच बोट दाखवून सांगायचं, वाजवणाऱ्यांनी वाद घालायचा नाही. हे जमलं की मग कोरस जोडा. मेट्रोनोम फक्त एका कानात, ऑक्टोपॅडवाल्याच्या. मोबाइलचं रेकॉर्डिंग अँपसमोर ठेवून करू नका, माइक ओव्हरलोड होऊन सगळंच सपाट होतं आणि तुम्ही उगाच निराश होता. चार-पाच मीटर लांब, छातीच्या उंचीवर, स्पीकरकडे पाठ करून ठेवा. रेकॉर्डिंगमध्ये मघाच्या कागदावरच्या जागा ओळखू येतात का, एवढंच तपासा.

गॅदरिंग थंडीत असेल आणि मैदानावर असेल तर गिटार अर्धा तास आधी पिशवीतून काढून ठेवा. गार हवेत पोलादी तारा आकसतात आणि सूर चढतो, गरम खोलीत जुळवलेली गिटार स्टेजवर पहिल्याच कॉर्डला दगा देते. नव्या तारा दोन दिवस आधी घालून ताणून घ्या, त्या दिवशी सकाळी नाही. क्लिपचा ट्यूनर प्रत्येक गिटारच्या डोक्यावर, पेडलसाठी नव्या ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, जादा केबल, पहिल्या आणि तिसऱ्या तारेचे सुटे जोड, आणि पिक खिशात पाच-सहा. गाण्यांचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येकाच्या पायाशी चिकटवा, टेम्पोच्या आकड्यासकट.

ता. क. 'क्रीप'ची पट्टी ठरवताना कडव्यापासून सुरू करू नकोस. शेवटाकडे आवाज जिथे सर्वांत वर जातो तो भाग आधी गाऊन बघ. तिथे ताण आला तर एकेक सूर खाली ये, आणि मग कडवं फार खाली जात नाही ना ते तपास. ज्या पट्टीत दोन्ही बसेल तीच तुझी. गिटारवाल्यांना उघड्या तारा मिळत नाहीत म्हणून कुरकुर होईल, त्यांना कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावायला सांग.